मुलगा ३ वर्षांचा, ऑटिझमचं निदान, बोलत नाही. आधी कोणती थेरपी? घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड. एक भाषा बंद करू का?

आधी स्पीच थेरपी, आणि कुठलीही भाषा बंद करू नका. मात्र बेरा ही कानाची तपासणी झाली नसेल तर ती सर्वांत आधी. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं लांबतं असं संशोधनात दिसलेलं नाही. बेळगाव-खानापूरकडे थेरपिस्ट कन्नड बोलणारे असतील, तर घरातले १० शब्द लिहून द्या (पाणी, दे, उघड, नको...), म्हणजे दोन्हीकडे तेच चालतील. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) जोडीला हवी ती आवाज, पाणी, कपडा सहन होत नसेल तर. थेरपिस्ट निवडताना मी एकच बघेन: आईवडिलांना आत बसवून शिकवतात का? आठवड्याचे दोन तास पुरत नाहीत, खरं काम घरी. साबणाच्या फुग्यांची बाटली झाकण घट्ट लावून त्याच्या हातात द्या आणि ५-१० सेकंद गप्प थांबा. त्यानं बघितलं, तुमचा हात ओढला, हव्या वस्तूच्या चित्राचं कार्ड दिलं, तरी ते मागणंच. 'उघड' म्हणत लगेच उघडा. 'बोल, मगच देतो' इथं गाडी अडते: मूल रडतं आणि मागणंच सोडतं. कार्डांमुळे बोलणं मागे पडत नाही. खर्चाला अपंगत्व प्रमाणपत्रावर मिळणारा निरामय विमा बघा, त्यात थेरपीही येते. येणारे शब्द गेले असतील, किंवा मध्येच टक लावून हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर मात्र आधी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.