नाईटला एक सिस्टर आणि बावीस पेशंट: नर्सेसनी एकत्र येऊन खरंच काही बदलतं का?

तुम्ही विचारलंय की नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये तुमची लेक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून लागली आहे, नाईटला तिच्या एकटीकडे बावीस पेशंट असतात आणि जोडीला फक्त एक मावशी. आता ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून मॅनेजमेंटशी बोलायचं म्हणतायत. नोकरी जाईल का, आणि पेशंटला वेठीला धरलं असं लोक म्हणतील का, ही तुमची काळजी.

माझं उत्तर सरळ आहे: बोलू द्या. पण एकटीला नको, सगळ्यांनी मिळून. आणि पहिली मागणी पगाराची नको, वॉर्डात माणसं वाढवायची असावी. मी नाशिकमध्येच नोकरी केली, आधी खासगीत, मग सरकारीत. शेवटची बरीच वर्षं वॉर्ड इनचार्ज म्हणून ड्युटी लिस्ट लावायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे माणसं कमी असली की काय होतं ते रोज डोळ्यांसमोर पाहिलंय.

बावीस पेशंट म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. समजा, रात्री एका पेशंटला रक्त चढवायचंय. पिशवीवरचा नंबर, रक्तगट आणि केस पेपरवरचं नाव दोघींनी मिळून पडताळायचं असतं. पिशवी सुरू केली की पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, कारण गंभीर रिॲक्शन आली तर बहुतेक वेळा तेव्हाच यायला लागते. अंगात हुडहुडी भरते, कंबरेत कळ येते, बीपी उतरतं. त्या पंधरा मिनिटांत बाकीच्या एकवीस जणांकडे कोण बघणार? तिकडे कुणाची सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं असतं, कुणी भ्रमात कॅथेटर (लघवीची नळी) ओढत असतं, ऑपरेशन होऊन आलेल्या बाईचं बीपी तासाभरापूर्वी घ्यायचं राहिलेलं असतं. इन्शुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइड अशी औषधं देतानाही दुसऱ्या नर्सने बघून सही करायची असते. दुसरी नर्सच नसेल तर तो रकाना सकाळी भरला जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. ती दिली नाही तर पाठीला बेडसोर, म्हणजे दाबाने होणारी जखम, होते, आणि ती बरी व्हायला कित्येक आठवडे लागतात. हे कुणाच्या आळसामुळे होत नाही. दोन हातांनी जेवढं होतं तेवढंच होतं.

यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्या रुग्णांमध्ये, एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात तर नर्सेसच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर 1999 मध्ये कायदा झाला आणि तो 2004 पासून अमलात आला. तिथे आयसीयूत दोन पेशंटमागे एक नर्स, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच पेशंटमागे एक. आणि हे प्रमाण चोवीस तास पाळायचं असतं, एखादी नर्स जेवायला गेली तरीही.

आपल्याकडे आकडे आहेत, पण ते वाचताना लोक फसतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषात वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डला 1:3 आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात 1:5 असं प्रमाण दिलंय. ऐकायला छान वाटतं. पण हे तिन्ही पाळ्या मिळून आहे. म्हणजे एका पाळीत नऊ पेशंटमागे एक किंवा पंधरा पेशंटमागे एक. शिवाय सुट्ट्या, आजारपण, बाळंतपणाच्या रजा धरून 30 टक्के माणसं वरची ठेवायची. कुठलीही मॅनेजमेंट तुम्हाला हजेरीपटावरची एकूण नावं दाखवेल आणि म्हणेल, आमच्याकडे भरपूर स्टाफ आहे. तेव्हा लेकीला एवढंच सांगा की पटावरची संख्या विचारू नको, आज रात्री आठ वाजता या वॉर्डात प्रत्यक्ष किती जणी उभ्या आहेत ते विचार. तुमच्या लेकीचे बावीस पेशंट तर त्या पंधराच्या सैल हिशेबातही बसत नाहीत.

आता एकत्र येऊन करायचं काय? मी सांगेन, आधी महिनाभर नोंद ठेवा. प्रत्येकीने रोज ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, वहीत चार गोष्टी लिहायच्या: तारीख आणि पाळी, पेशंट किती, नर्स किती, आणि काय करायचं राहिलं. पेशंटचं नाव लिहायचं नाही, केस पेपरचा फोटो काढायचा नाही. ही गोष्ट मी कळकळीने सांगते, कारण पेशंटची माहिती बाहेर गेली तर सगळा दोष पोरींवर येतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. ‘सकाळचं अँटिबायोटिक पावणेदोन तास उशिरा’, ‘कूस बदलली नाही’, ‘डबल ड्युटी’ एवढंच लिहा. तक्रार म्हणून तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. तीस दिवसांची वही टेबलावर ठेवली की समोरच्याला त्यावर बोलावंच लागतं.

मग पत्र. ते आधी मेट्रनला, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखाला, प्रत मेडिकल डायरेक्टरला. मेट्रनला टाळून वर जाऊ नका. बऱ्याच मेट्रन स्वतः याच भट्टीतून आलेल्या असतात आणि वर मागायला त्यांना हातात कागद हवा असतो. सह्या एकाखाली एक न करता गोलाकार करा, म्हणजे पहिली सही कुणाची हा प्रश्नच उरत नाही. मागणी नेमकी असू द्या: नाईटला अमुक वॉर्डात किमान दोन नर्स, नवीन मुलीला पहिले दोन महिने एकटीला नाईट नको, व्हेंटिलेटरच्या पेशंटला स्वतंत्र नर्स.

नोकरी जाण्याची भीती खोटी नाही. खासगीत पोरींना अचानक घरी बसवल्याचं मी पाहिलंय, मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवल्याचंही पाहिलंय. म्हणूनच संख्येशिवाय पुढे जायचं नाही. रीतसर कामगार संघटना नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात आणि संस्थेतल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा लहान तो. अर्ज करण्याआधी एखाद्या कामगार वकिलाला भेटा, नेमणूकपत्र सोबत न्या.

पगाराचा विषय मी मागे ठेवला म्हणजे तो क्षुल्लक आहे असं नाही. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी नर्सेससाठी शिफारशी केल्या: पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20,000 रुपये, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार. केरळमध्ये नर्सेस संघटित झाल्या, संपावर गेल्या, आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने 20,000 चं किमान वेतन अधिसूचित केलं. पगार तुटपुंजा असला की शिकून तयार झालेली मुलगी वर्षभरात दुसरीकडे जाते आणि वॉर्ड पुन्हा नवख्या हातांवर येतो. म्हणजे हाही शेवटी पेशंटचाच प्रश्न.

संपाचं म्हणाल, तर तो सगळ्यात शेवटी. आणि करावाच लागला तर आगाऊ नोटीस देऊन, आयसीयू, लेबर रूम आणि इमर्जन्सी चालू ठेवून. महाराष्ट्रात मे 2022 मध्ये सरकारी परिचारिका संपावर गेल्या त्या कंत्राटी भरतीच्या विरोधात, कारण आज आहे उद्या नाही अशा माणसांवर वॉर्ड चालत नाही.

लोक काय म्हणतील? नातेवाइकांना समजावून सांगितलं तर ते तुमच्याच बाजूने उभे राहतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेला माणूस नाशिकच्या हॉस्पिटलात बाहेर चादर टाकून झोपतो, आणि आत नर्स पुरत नाही म्हणून आईला नळीतून जेवण त्यालाच भरवावं लागतं. त्याला हा प्रश्न तुमच्या-माझ्याइतकाच कळतो. 21 एप्रिल 2021 ला महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. ती गळती नर्सेसच्या संख्येने थांबली नसती. पण यंत्र बंद पडलं की सिलिंडर ओढायला, हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबायला माणसंच लागतात, आणि ती त्याच क्षणी हजर असावी लागतात. आता सिंहस्थ तोंडावर आहे. गावात तयारीच्या बैठका होतील, खाटा वाढवायची भाषा होईल. प्रत्येक वाढीव खाटेमागे नर्स किती, हे विचारायला याहून बरी वेळ नाही.

लेकीच्या वॉर्डात एकूण बेड किती, व्हेंटिलेटर किती आणि महिन्यात प्रत्येकीला नाईट किती लागतात, एवढं खाली कमेंटमध्ये लिहा. हॉस्पिटलचं नाव नको. किती जणी हव्यात त्याचा पाळीनुसार हिशेब मी मांडून देते, तो पत्राला जोडता येईल.