सलाईनमधून तारुण्य मिळतं का?

प्रश्न : वय ६८. दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघे दुखतात, जिन्यावर दम लागतो. एका शिबिरात सांगितलं, पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी, सलाईनमधून दिल्या की शरीर आतून तरुण होतं. पेशी आपल्याच, म्हणून अपाय नाही. एफडी मोडू का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, एफडीला हात लावू नका. वय मागे नेणारा स्टेम सेल उपचार आज जगात कुठेही सिद्ध झालेला नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या काही आजारांतल्या बोन मॅरो प्रत्यारोपणासारख्या उपचारांना. बाकीचं फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे संशोधनासाठीच्या चाचणीत, आणि तिथे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडे मागताहेत, यातच सगळं आलं.

‘आपल्याच पेशी’ हे ऐकून माणूस निर्धास्त होतो, त्याची मला फार काळजी वाटते. फ्लोरिडात तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या. तिघींची दृष्टी जवळजवळ गेली. शिरेतून दिलेल्या पेशी तर बहुतांशी फुफ्फुसांतच अडकतात. गुडघा राहतो बाजूलाच.

दम लागतो, ते मात्र अंगावर काढू नका. या आठवड्यातच हिमोग्लोबिन, बीपी, ईसीजी करून घ्या. गुडघ्यांसाठी खुर्चीत ताठ बसा, एक पाय सरळ करून मांडी घट्ट आवळा, पाच आकडे मोजा, सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जेवणात वरण घट्ट असू द्या, सोबत वाटीभर दही.