‘पोचलास का?’ विचारणारा फोन

“मॅडम, गाडी दिली नाही तर घरात अबोला, आणि दिली तर तो परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. करू तरी काय?”

मूल अठराचं झालं की आईबाप माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येतातच. कॉलेजं सुरू झाली की जास्त. ही आई नाशिकची. मुलाला आपण ओम म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही थोडे बदलले आहेत. वाढदिवस होताच लर्निंग लायसन्स, पुढे महिना-सव्वा महिन्यात पक्कं, आणि वडिलांनी १२५ सीसीची नवी स्कूटर दारात आणून उभी केली. दोन महिन्यांच्या आत ओम गंगापूर रोडला घसरून पडला. कोपर सोलवटलं, गुडघ्याला टाके पडले. घरी सांगितलं, कॉलेजच्या जिन्यावरून पडलो. खरं काय ते शेजारच्या काकूंकडून कळलं.

आईला पडण्यापेक्षा ते खोटं जास्त लागलं होतं. वडिलांनी किल्ली कपाटात टाकली होती आणि “विकूनच टाकतो गाडी” हे दिवसातून एकदा तरी म्हणून होत होतं.

ओमशी मी आधी एकट्याशी बोलले. पहिला काही वेळ “हो”, “नाही”, “माहीत नाही” एवढंच. मग मी पडण्याचा विषय सोडला आणि विचारलं, “चालवताना फोन कुठे ठेवतोस?” हेल्मेट तो सोबत घेऊन आला होता. त्याने ते डोक्यात घातलं आणि डाव्या गालाजवळून फोन आत सरकवून दाखवला. कानाशी घट्ट बसला. हनुवटीखालचा पट्टा मोकळा लोंबत होता, कारण पट्टा लावला की फोन आत जात नाही.

“आईचा फोन येतो,” तो म्हणाला. “उचलला नाही तर परत परत येत राहतो. घरी गेलो की रडारड.”

पडला त्या संध्याकाळीही फोन वाजत होता. डावा हात फोन सरकवण्यात गुंतलेला, आणि समोर रस्त्यावर सांडलेली वाळू. ब्रेक दाबला तो फक्त उजव्या हाताचा, म्हणजे पुढच्या चाकाचा. वाळूवर पुढचं चाक सटकलं.

“हे आईला सांगू नका. ती स्वतःलाच दोष देत बसेल.”

ज्या खोट्याने आई एवढी दुखावली होती, त्याच्या मुळाशी हे होतं. मी तिला सांगितलं नाही. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय मी पुढे नेत नाही. पण तिघांना एकत्र बसवायचं, तेव्हा फोनचा विषय आधी घ्यायचा हे मनाशी ठरवलं.

आई वहीच्या पानावर नऊ नियम लिहून घेऊन आल्या. नऊच्या नऊ ओमसाठी. “गाडीवर फोन घ्यायचा नाही,” त्यांनी वाचलं. ओमने काही न बोलता स्वतःचा फोन उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्या दिवसाचे कॉल होते. सहा चाळीस ते सात पाच, सात वेळा ‘आई’.

“काळजीनेच करत होते रे.”

“माहितेय.”

“त्या दिवशी तू पडलास तेव्हाही मीच…?”

ओम खाली बघत राहिला. वडिलांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. मी त्या दोन मिनिटांत काही बोलले नाही.

नियम दोन्ही बाजूंना लागू नसेल तर तो मुलाच्या लेखी निव्वळ हुकूम असतो, असं माझं ठाम मत आहे. फोनचं त्यांनी असं ठरवलं: निघताना ‘निघालो’, पोचल्यावर ‘पोचलो’, एवढे दोनच मेसेज. मधल्या वेळात फोन डिकीत. घरून फोन करायचा नाही. नेहमीच्या वेळेवर वीस मिनिटं उलटली तरच, तोही एकदा. हा नियम ओमपेक्षा आईला अवघड जाणार हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

हेल्मेटवर फार बोलावं लागलं नाही. वडील कोपऱ्यावर दूध आणायला बिनहेल्मेटचे जातात हे ओमने सांगितलं आणि त्यांनी मुकाट मान्य केलं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट, पट्टा लावूनच.

नव्या चालकाला सगळी मोकळीक एकदम देऊ नये. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली. रात्री चालवण्यावर आणि सोबत्यांना बसवण्यावर सुरुवातीला मर्यादा. कारण साधं आहे. अंधार आणि मागे बसून चेव आणणारा मित्र, दोन्ही नवशिक्याला झेपत नाहीत. आपल्याकडे लर्निंगला ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, त्यामुळे हे टप्पे घरानेच पाडायचे. ओमचे पहिले दोन महिने फक्त घर ते कॉलेज, एकट्याने आणि उजेडात. त्यानंतर एक मित्र. हायवे आणि पावसातलं इगतपुरी-त्र्यंबक सध्या नाही.

बोलता बोलता आई म्हणाल्या, धाकटी सोळाची आहे, तीही कॉलनीतल्या कॉलनीत फेरी मारते. इथे मी स्पष्ट ‘नाही’ म्हटलं. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या गाडीचंच लायसन्स मिळतं, त्यांची स्कूटर १२५ची. कॉलनीतला रस्ताही सार्वजनिकच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्यांच्या आईवडिलांचा विचार मनात आला की मला आजही गलबलून येतं. “कॉलनीतल्या कॉलनीत” हा शब्द त्या दिवशी त्या घरातून गेला.

सगळ्यात जास्त वाद झाला तो न्यायला येण्यावरून. कोणी प्यायलेलं असेल, झोप येत असेल, धो धो पाऊस असेल, तर ओमने कितीही वाजता फोन करावा, वडिलांनी न्यायला जावं आणि त्या रात्री एक अक्षर विचारू नये, असं मी सुचवलं.

“म्हणजे हा पिऊन आला तरी गप्प बसायचं?” वडील उसळले.

“बोलायचं. सकाळी, चहा झाल्यावर. रात्री त्याला तुमची भीती वाटली तर तो तुम्हाला फोन न करता गाडीला किल्ली लावेल.”

ते बराच वेळ मान हलवत राहिले. शेवटी “बरं” म्हणाले, मनापासून नव्हे. नियम मोडला तर शिक्षा काय, हे मात्र ओमनेच सांगितलं: फोनसाठी आठ दिवस किल्ली नाही, ट्रिपल सीटसाठी महिनाभर नाही. ‘विकून टाकतो’ हे बंद.

चार महिन्यांनी आई भेटल्या. एका रात्री साडेअकराला ओमचा फोन आला होता. ज्याच्या मागे बसून यायचं, तो मित्र प्यायलेला होता. वडील कार घेऊन गेले, दोघांना घेऊन आले, आणि वाटेत खरंच काही बोलले नाहीत. एकदा फोन उचलल्याबद्दल ओमची किल्ली आठ दिवस जमाही झाली होती. ती त्याने स्वतःच आणून दिली.

“आणि तुमची वीस मिनिटं?” मी विचारलं.

“गॅलरीत उभी राहते,” त्या म्हणाल्या. “फोन आत ठेवून.”