डाळ मिलच्या बिलिंगसाठी सॉफ्टवेअर स्वतःचं बनवून घ्यावं की तयार विकत घ्यावं?

तुमची मिल आमच्या जळगावातलीच, म्हणून सरळ सांगतो: बिलिंग आणि जीएसटी तयारच घ्या. बनवायचा खर्च एकदा डोळ्यांना दिसतो. खरा पैसा नंतरच्या दुरुस्त्यांत जातो. १८ जुलै २०२२ला डाळीवरचा नियम बदलला. ५ टक्के कर आधी नोंदणीकृत ब्रँडवर होता, तो २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या मालावर आला. मी एका मिलला करून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘ब्रँड आहे का’ ही अट बिलात, रिटर्नमध्ये, स्टॉकमध्ये वेगवेगळी लिहिली होती. घाईत केलेलं काम, त्यामुळे बदल तिन्ही ठिकाणी शोधून करावा लागला. आठवडाभर मुनीमजी हाताने बिलं फाडत बसले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९९२मध्ये अशा घाईत लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली, ती चपखल आहे: प्रत्येक बदलाला व्याज भरावं लागतं.

पण तुरीचा उतारा, म्हणजे क्विंटलमागे डाळ किती, चुनी (डाळ करताना निघणारा चुरा) किती, हा हिशेब तुमचा नफा ठरवतो. तेवढं मात्र बनवून घ्या. छोटं ठेवा, आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, तुमच्या ताब्यात राहील हे करारात लिहून घ्या.