स्क्रोल लांब येतोय? आधी टोकांचा हिशेब करा, मग जिग बदला

प्रश्न थोडक्यात असा: बाल्कनीच्या रेलिंगला १२ मिमी चौरस बारचे सोळा सी-स्क्रोल (दोन्ही टोकं आत वळवलेले, सी अक्षरासारखे लोखंडी वेढे) हवेत. फ्यूजन ३६० या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मधली रेघ (बारच्या जाडीच्या मधोमध जाणारी) ९०० मिमी भरली, तेवढेच तुकडे कापले, नवी मुंबईतल्या रबाळ्याहून लेझरने सपाट जिग (ज्याभोवती तापलेला बार वळवतात तो साचा) कापून आणला. आता प्रत्येक नग लांब येतो आणि दोन नग एकमेकांवर बसत नाहीत. इथे लोहाराला बोल लावण्यात अर्थ नाही. ड्रॉइंगमध्येच दोन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली म्हणजे टोकं. ठोकून बारीक केलं की बार वाढतो, कारण लोखंड तेवढंच राहतं. तुमचं टोक १२० मिमी लांबीत १२ वरून ४ मिमी जाडीवर येतंय आणि रुंदी १२ च आहे. म्हणजे सरासरी जाडी ८, आणि त्या १२० मिमीसाठी मूळ बार लागतो फक्त ८०. दोन टोकांचा हिशेब: ९०० वजा २४० अधिक १६० म्हणजे ८२० मिमी. तुम्ही ९०० कापलेत, म्हणून ठोकल्यावर ९८० होतात आणि ते ८० मिमी टोकाला लोंबतात. टोक चारही बाजूंनी निमुळतं करून ४ बाय ४ वर आणायचं असेल तर १२० साठी साधारण ५८ च मिमी लागतात आणि तुकडा ७७६ वर येतो. कोणतं टोक हवं ते लोहाराशी आधी ठरवा, मग कटिंग लिस्ट काढा. लांबी मधल्या रेघेवरच मोजा. बाहेरच्या कडेवर मोजलीत तर एका पूर्ण वेढ्यामागे ३८ मिमी जास्त दिसतात.

टोकाची रुंदी १२ च ठेवणार असाल तर कापलेल्या तुकड्याच्या टोकापासून ८० मिमीवर सेंटर पंचने ठिपका मारा. खडूची खूण भट्टीत जाते, पंच लाल बारवरही दिसतो. पंचापासून टोकापर्यंत १२० भरेपर्यंत ठोकायचं. ३ मिमी पत्र्यात ४ मिमीची खाच असलेला गेज (टोकाची जाडी तपासायचं माप) जिगसोबतच लेझरला देऊन टाका. टोकाची जाडी ४ ऐवजी ५ राहिली तर तेच टोक ११३ वर संपतं. तुमचे नग न जुळण्याचं बरंचसं कारण यातच आहे.

दुसरी गोष्ट जिग. स्क्रोल मधून सुरू होतो, आणि त्या वेळी उरलेला सरळ बार बाहेरच्या वेढ्यावरून फिरावा लागतो. जिग सगळा एका उंचीचा असेल तर बार तिथेच अडतो. मग लोहार तो उचलून, वाकवून, अंदाजाने पुढे नेतो. एका वेढ्याच्या आत काम असेल तर सपाट जिग चालतो. तुमचा दीड वेढा आहे. बाहेरचा वेढा १६ मिमी प्लेटचा एकच थर ठेवा, मधल्या भागावर त्याच आकाराचा दुसरा थर वेल्ड करा आणि मधली पायरी ग्राइंडरने उतरती करा. बार आधी वरच्या थरावर अडकतो आणि बाहेर येता येता खाली उतरतो. स्क्रोल थोडा फुगीर निघेल. पुन्हा तापवून ऐरणीवर सपाट करायचा, त्यात बिघडलेलं काही नाही. जिगची कड म्हणजे बारची आतली बाजू, म्हणून जिगची रेघ मधल्या रेघेपासून ६ मिमी आत सरकवा (ऑफसेट). निमुळत्या भागात तो कमी होत टोकाशी २. शिवाय लालभडक बार थंड होताना साधारण एक टक्का आकसतो. स्क्रोल चौकटीत घट्ट बसवायचा असेल तर जिग १.०१ पटीने मोठा करा.

डीएक्सएफ, म्हणजे लेझरवाल्याला द्यायची ड्रॉइंगची फाइल, तिच्याबद्दल दोनच शब्द. स्प्लाइनऐवजी (मुक्त वक्ररेषेऐवजी) एकमेकांना स्पर्शणारे आर्क (वर्तुळाचे तुकडे) वापरा, एकावर एक पडलेल्या रेघा काढा, आणि कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन टाका म्हणजे कोणी इंचात उघडली तर लगेच कळेल. कर्फची (लेझरने जळून जाणाऱ्या फटीच्या रुंदीची) भरपाई तुम्ही करू नका, कटिंगवाला करतो. दोघांनी केली की जिग चुकतो.

बार कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणताना सोळाही नगांचा माल एकाच लॉटचा घ्या. भंगारातून रोल केलेल्या बारमध्ये कार्बन कमी-जास्त असतो. झालेला वेढा पाण्याने थंड करून पुढचा वळवायची सवय असेल तर असा बार तिथे तडकू शकतो. बार पिवळा-नारिंगी तापलेला असताना (त्या तावात) काम करा, मंद लाल झाला की परत भट्टीत.

सोळा तुकडे एकदम कापू नका. ८२० चा एकच कापा, वजन करा (साधारण ९२५ ग्रॅम भरेल), पूर्ण बनवा, थंड झाल्यावर वरची जळालेल्या लोखंडाची पपडी ब्रशने काढून पुन्हा वजन करा. घटलेलं वजन भट्टीत जळालं. ती घट टोकांवर जास्त पडते, कारण ताव त्यांनाच जास्त बसतात. नग ड्रॉइंगच्या १:१ प्रिंटवर ठेवा, जितका कमी पडेल तितकी लांबी कटिंग लिस्टमध्ये वाढवा आणि मगच बाकीचे पंधरा कापा.