तुझी कथा आणि दुसऱ्याची कात्री

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. संपादकांनी न विचारता कथेचा शेवट बदलला, मधले परिच्छेद उडवले, खाली नाव मात्र तुझंच, आणि आता तू म्हणतेस ही कथा काढा तर उत्तर काय, एकदा दिलं की दिलं. राग येणारच. फक्त त्या रागाच्या भरात चारचौघांत काही बोलू नकोस अजून, कारण तुला हक्क आहेत, पण ते एका बाबतीत तुला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत आणि दुसऱ्या बाबतीत बरेच कमी, आणि हे दोन तू एकत्र करतेयस.

जास्त आहेत ते बदलाच्या बाबतीत. लिखाणातून पैसा मिळवायचा हक्क वेगळा आणि लेखक म्हणून असलेला हक्क वेगळा. लेखकांच्या हक्कांबद्दलचा बर्न करार हा देशादेशांमधला करार, १८८६ चा, पण १९२८ मध्ये रोमला त्यात सुधारणा झाली तेव्हा हे कलम आलं, की हक्क विकून टाकले तरी आपलं नाव लावून घ्यायचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घ्यायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे ते यासाठीच. हिंदी लेखिका मन्नू भंडारींच्या कादंबरीवर सिनेमा निघाला, त्यातले बदल त्यांना मान्य नव्हते, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. शेवटी दोन्ही बाजूंची तडजोड झाली, तरी १९८६ च्या निकालात कोर्टाने या कलमाचा अर्थ नीट मांडून ठेवला. सिनेमा करायचा तर थोडेफार बदल होणार हे धरलेलंच आहे, पण म्हणून मूळ कृतीचं काहीच्या काही करून टाकायची मोकळीक मिळत नाही. तुझ्या कथेचा शेवट बदलणं हे मला याच जातीचं वाटतं. शेवट बदलला म्हणजे ती बाई घर सोडते की राहते हेच बदललं, मग कथा कोणाची राहिली?

पण प्रत्येक स्वल्पविरामासाठी कलम ५७ काढून दाखवू नकोस हं. शुद्धलेखन, एखादं पाल्हाळ कमी करणं, जागेत बसवणं, हे संपादकाचं काम आहे आणि चांगला संपादक मिळणं भाग्याचं असतं, तो तुझ्या वाक्यावर तुझ्यापेक्षा जास्त वेळ घालवतो. मी भांडते ते न दाखवता केलेल्या बदलावर. म्हणून यापुढे लिखाण पाठवताना त्याच ईमेलमध्ये एक ओळ टाकायची, की छापायच्या आधी शेवटचं प्रूफ मला दाखवावं आणि आशय बदलणारी दुरुस्ती माझ्या लेखी होकाराशिवाय करू नये. बहुतेक जण हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांचं तुला आधीच कळलं, हेही बरंच झालं.

आता जिथे हक्क कमी आहेत ते, म्हणजे काढून टाकणं. बर्न करारात नाव आणि मोडतोड एवढंच आहे, प्रसिद्ध झालेलं परत घ्यायचा हक्क त्यात नाहीच. काही देशांनी तो आपापल्या कायद्यात दिलाय. फ्रान्समध्ये लेखक प्रकाशित झालेलं पुस्तकसुद्धा मागे घेऊ शकतो, पण प्रकाशकाचं होणारं नुकसान आधी भरून द्यायचं, आणि पुढे कधी तेच पुन्हा काढायचं ठरलं तर पहिल्यांदा त्याच प्रकाशकाला जुन्याच अटींवर विचारायचं. जर्मनीत मतं बदलली या कारणावरून हक्क परत घेता येतात, तिथेही भरपाई आहे. अमेरिकेत वेगळंच, दिलेले हक्क साधारण ३५ वर्षांनी नोटीस देऊन परत घेता येतात, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं सोडून. मला फ्रान्सची पद्धत सगळ्यात न्यायाची वाटते, कारण लेखकाला पश्चात्ताप करायचा हक्क मिळतो आणि त्याची किंमतही तोच मोजतो, ज्याने विश्वासाने कागद, छपाई, मेहनत घातली त्याच्या डोक्यावर ती पडत नाही.

भारतातल्या कायद्यात असा परत घ्यायचा हक्क सरळ दिलेला नाही, म्हणून इथे सगळं तुझ्या करारावर येतं. सहीचा लेखी करार नसेल तर कथेची मालकी त्यांच्याकडे जात नाही, तू फक्त छापायची परवानगी दिलीस. करार असेल आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क १ वर्ष वापरलाच नाही तर तो सुटतो, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं दिसलं की पेन खाली ठेव. 'एकदा छापण्यापुरती परवानगी' एवढं लिहून दे, आणि अंकात, संग्रहात, ऑडिओत, भाषांतरात, प्रत्येकासाठी वेगळं विचारायला लाव.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे ठरावीक अटी पाळून कोणीही माझं लिखाण वापरावं, वाटावं अशी सगळ्यांना दिलेली खुली परवानगी, तो लावायचा विचार आहे म्हणालीस, लाव, चांगली गोष्ट आहे, पण तो मागे घेता येत नाही हे कळून लाव. तू पुढे वाटणं बंद करू शकतेस, ज्यांनी आधी घेतलं त्यांच्याकडे त्याच अटींवर राहतं. फार तर त्याच्या ४.० या आवृत्तीच्या परवान्यात तुझं नाव त्यांच्या प्रतीवरून काढायला सांगता येतं, शक्य असेल तितकं. आणि बदल केलेली आवृत्ती कोणी वाटू नये असं वाटत असेल तर तशी अट असलेला प्रकार निवड.

कागदावर छापलेलं तर कुठे परत येतं? बऱ्याच देशांत पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा कराव्याच लागतात, भारतात १९५४ पासून तसा कायदा आहे. नवीन प्रती थांबवता येतील, वाचकाच्या कपाटातली थांबणार नाही, आणि मला विचारशील तर थांबूही नये, ती त्याने घेतलीय.

राहिल्या तुझ्या जुन्या कविता, ज्यांची तुला आता लाज वाटते. नको काढूस. कच्च्या आहेत, असू देत, त्यावर वर्ष लिही म्हणजे झालं. माहिती चुकली असेल तर शुद्धिपत्र दे, तारखेसकट, गुपचूप बदलू नकोस, कारण कोणीतरी ते वाक्य उद्धृत केलेलं असतं आणि तोच खोटा ठरतो. विज्ञानाची नियतकालिकं मागे घेतलेला निबंधसुद्धा सहसा पुसत नाहीत, मागे घेतल्याची खूण करतात आणि कारण देतात. फक्त एक अपवाद, तुझ्या लिखाणातून एखादा खराखुरा माणूस ओळखू येत असेल आणि त्याला त्रास होत असेल तर लगेच काढ, मग कविता कितीही चांगली असो.

आज संपादकांना शांतपणे लिही. मूळ आणि छापलेला मजकूर शेजारी शेजारी जोड. मागणी अशी कर, की मूळ शेवट पुढच्या अंकात छापावा किंवा शेवट लेखिकेचा नाही असा खुलासा द्यावा, आणि संग्रहात घ्यायची असेल तर मूळच कथा घ्यावी. 'काढून टाका' हे शेवटी ठेव, यातलं काहीच मान्य झालं नाही तर. आणि करार, सही केली असशील तर, त्याचे सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांसकट.

तुझी,
ताई