चव्हाट्यावर की उजेडात?

मालवणच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी 'शट अप लिटल मॅन' ही 2011 ची डॉक्युमेंटरी बघितली आणि तिच्यावर लिहिताना 'दोन पोरांनी शेजाऱ्यांची भांडणं चव्हाट्यावर आणली' असं वाक्य टाकलं, तर मैत्रीण म्हणते 'उजेडात आणली' असं लिही, चव्हाटा कानाला बरा लागत नाही.

ताई, तुमचंच बरोबर. उजेडात येतो तो शिलालेख नाहीतर घोटाळा, घरातली भांडणं नव्हेत. आणि उलटीकडून पण वैताग आहेच, परवा एका सत्काराला निवेदक म्हणाला 'आपल्या तालुक्याचं टॅलेंट चव्हाट्यावर आलंय' आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला खुर्चीत बसवेना!

चार रस्ते मिळतात ती जागा वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा. खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. काही विद्वान हा शब्द 'हाट'कडे ओढतात, हिंदीतला चौहट्टा पुढे करतात, म्हणजे बाजाराचा चौक. मला हे साफ अमान्य. या मंडळींनी कोकणातला चव्हाटा एकदा तरी बघितलाय का? आमच्या गावच्या चव्हाट्यावर कधी कुणी सुकट विकली नाही की भाजी. जांभ्या दगडाचा चौथरा, त्यावर एक उभा पाषाण, ना डोळे ना मुकुट, आणि शिमग्यात तिथेच होळ उभा करतात. बाजार भरतो तो दोन मैलांवर! म्हणजे चार वाटा, हाट नव्हे. मधला ह कुठनं आला म्हणाल तर 'एवढा'चं 'एव्हढा' रोज वाचताच की, व च्या मागे ह असाच चिकटतो, आणि माझी आजी तर सरळ 'चवाटो'च म्हणायची, ह नाहीच.

तिथे गाऱ्हाणं घालतात. हा शब्द संस्कृत गर्हण वरून, म्हणजे दोष देणं. देशावर त्याची नुसती तक्रार झाली, आमच्याकडे ते देवाशी बोलणं झालं. नारळ पुढे ठेवून एकजण बोलतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि ज्याचं भांडण असतं तो स्वतः तिथे उभा असतो, हे लक्षात घ्या.

आता फिल्म. 1987 साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांनी पलीकडच्या खोलीतल्या दोन दारुड्या म्हाताऱ्यांची रात्र रात्र चालणारी भांडणं टेप केली, मग कॅसेटवरनं कॅसेट होत ती हातोहात फिरली, त्यावर कॉमिक्स झाली, नाटक झालं, पुढे टेप करणाऱ्या दोन तरुणांनी कॉपीराईटही सांगितला. दिग्दर्शक मॅथ्यू बेट, ऑस्ट्रेलियाचे. फिल्म अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवली गेली तेव्हा समीक्षक हसले पण आणि अस्वस्थ पण झाले, की हे आवाज कुणाचे, त्यांना विचारलं कुणी, आणि आपण हसतोय ते कशाला. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. भांडणारे दोघं हजर नाहीत, मधे देव नाही, नुसतेच ऐकणारे! आमच्या चव्हाट्यावर असं चालत नाही.

तेव्हा आजच्या रूढ अर्थाने तुमचं वाक्य चोख आहे, बदलू नका. माझ्या गावच्या अर्थाने मात्र मी तिथे 'बोभाटा केला' लिहीन. आणि तुमच्याकडे म्हातारी माणसं चवाटो म्हणतात की चव्हाटो, की आणखी काही, ते गावाच्या नावासकट कळवा, मी गोळा करतोय.